मायना, लेखनसीमा आणि टॅब
जिते परिसरातील संदेशलेखनाची एक तपासणी

मेसेज आले आणि मराठी पत्र मेले, ही तक्रार आता इतकी रुळली आहे की तिला पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तक्रारीचे साधारण तीन भाग असतात. पहिला, मेसेजमध्ये मायना उरला नाही, म्हणजे मोठ्यांचा मान उरला नाही. दुसरा, लोक मराठी रोमन लिपीत लिहू लागले, म्हणजे भाषेचा अभिमान उरला नाही. तिसरा, मेसेज जपण्याच्या लायकीचे नसतात, म्हणजे पुढच्या पिढीला वाचायला काही उरणार नाही. या तिन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे. कारणे मात्र चुकीची जोडली गेली आहेत, असे माझे मत आहे. ते मी येथे मांडते.

यासाठी मी जी जागा निवडली ती पेण तालुक्यातील जिते आणि त्याच्या शेजारची गावे. जिते हे पनवेल–रोहा लोहमार्गावरचे लहानसे स्थानक. एका बाजूला आपटा, दुसऱ्या बाजूला हमरापूर आणि मग पेण. सकाळच्या गाडीने घरातला कमावता माणूस पनवेलच्या दिशेने जातो, त्याचा फोनही त्याच्याबरोबर जातो आणि मागे घरात राहतो तो टॅब. हमरापूरच्या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत, तेथेही फळीवर टॅब ठेवलेला दिसतो. ओळखीच्या काही घरांत आणि दोन-तीन कारखान्यांत मी हे लेखन जवळून पाहिले, परवानगी घेऊन वाचले. टक्केवारी काढण्याइतकी ही सामग्री नाही. एका लेखनप्रकाराचे वळण ओळखण्यापुरती ती पुरेशी आहे.

चांगदेवाची अडचण

मायन्याचा विचार मराठीत चांगदेवापासून सुरू करावा लागतो. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचा योगी चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि पहिल्याच शब्दाशी अडला. चिरंजीव लिहावे तर समोरचा ज्ञानाने मोठा, तीर्थरूप लिहावे तर वयाने लहान. शेवटी त्याने कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईने त्यावरून त्याची थट्टा केली आणि ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. आख्यायिकेचा पारमार्थिक अर्थ बाजूला ठेवला, तरी त्यातून पत्रव्यवहाराविषयीची एक गोष्ट स्वच्छ दिसते. नाते ठरल्याशिवाय मराठी पत्राची पहिली ओळ लिहिता येत नसे.

जुन्या पत्रातला मायना एकाच वेळी तीन कामे करी. पत्र कोणासाठी आहे ते सांगे, लिहिणाऱ्याचे वाचणाऱ्याशी नाते काय ते सांगे, आणि मुख्य मजकुरापूर्वी आवाज लावून घेई. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बरोबरीच्याला राजमान्य राजेश्री. हे सारे गोडच होते असेही नाही. नवरा असलेल्या बाईला सौभाग्यवती आणि नसलेल्या बाईला गंगाभागीरथी म्हणणारा हाच मायना होता. विधवेला आलेल्या प्रत्येक कार्डावर तिचे वैधव्य आधी वाचले जाई आणि मग खुशाली. मायना गेल्याचे दुःख करणाऱ्यांनी त्याच्याबरोबर गेलेले हे ‘गं. भा.’ही आठवावे.

मेसेजमध्ये या तीन कामांपैकी पहिले काम यंत्राने काढून घेतले. फोनचा क्रमांक हाच पत्ता असतो आणि एक क्रमांक म्हणजे एक माणूस. पाठवणाऱ्याचे नाव पडद्यावर आपोआप उमटते. कोणाला आणि कोणाकडून, हे दोन्ही प्रश्न लिहिण्यापूर्वीच सुटलेले असतात. चांगदेवाची अडचण तंत्राने दूर केली, आणि अडचण नाही तेथे मायनाही नाही. यात उद्धटपणा शोधण्याचे कारण दिसत नाही. समोर बसलेल्या बापाशी बोलताना मुलगा प्रत्येक वाक्याआधी ‘तीर्थरूप’ म्हणत नाही, तसेच हे.

सत्तर जागांचा हिशेब

दुसरे कारण याहून रोकडे आहे. एसएमएस या प्रकाराची मर्यादा १६० अक्षरांची, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. ही संख्या १९८५च्या सुमारास जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांच्या प्रयत्नातून ठरली. माणसाचे साधे म्हणणे किती अक्षरांत मावते हे पाहताना त्यांनी पोस्टकार्डांवरच्या मजकुराचाही आधार घेतला, असे सांगितले जाते. म्हणजे मेसेजच्या जन्मपत्रिकेतच पोस्टकार्ड आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी पाठवला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता आणि फोनवर नव्हे, तर संगणकावर टंकलेला होता. मोठ्या पडद्यावरून मेसेज पाठवणे ही नंतरची चैन नसून आरंभच तसा आहे.

मात्र १६० ही मर्यादा रोमन अक्षरांची. एका एसएमएसमध्ये १४० बाइट एवढीच जागा असते. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून केवळ ७० चिन्हे बसतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांची प्रत्येकी वेगळी जागा मोजली जाते. ‘क्ष’ दिसतो एक, पण जागा तीन घेतो. रोमन मजकुरात देवनागरीचे एकच अक्षर घातले, तरी सगळा मेसेज सत्तरच्या हिशेबात जातो.

हा हिशेब जुन्या पत्राला लावून पाहू. ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ या मायन्याला, मोकळ्या जागा धरून, ४२ जागा लागतात. ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती’ या समारोपाला ३६ लागतात. बेरीज ७८. आईला काय कळवायचे त्याचा एक शब्दही न लिहिता मेसेज संपला, वर आठ जागांची उधारी झाली. हेच दोन्ही भाग नेहमीच्या रोमन वर्णांतराने लिहिले, तर ८७ जागांत बसतात आणि मजकुराला ७३ जागा उरतात.

ज्या काळात प्रत्येक मेसेजला पैसे पडत, त्या काळात हा फरक खिशाला लागणारा होता. दिवाळीसारख्या सणांच्या दिवशी तर कंपन्यांच्या सवलती बंद असत. अशा दिवसांना ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. त्यात बटणांचा फोन. बारा बटणांत सारी बाराखडी कोंबलेली. ‘ळ’ यायला तेच बटण पुन्हा पुन्हा दाबावे लागे. कित्येक फोनांवर आलेली देवनागरी चौकोनांच्या रांगेसारखी दिसे. अशा वेळी माणसे रोमन लिपीत मराठी लिहू लागली. विनोबांचे जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यात आहे. भारतातल्या सर्व भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहिल्या जाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच तालुक्यात मराठी माणसाने आपली नागरी सोडून रोमन धरावी, याचा विषाद वाटणे साहजिक आहे. तरी दोष अभिमानाच्या अभावाला देण्यापूर्वी मोजणीचा नियम पाहिला पाहिजे. तार शब्दांवर पैसे घेई, तेव्हा लोकांनी क्रियापदे गाळली. त्याला कोणी मराठीचा ऱ्हास म्हटले नाही.

पेशवेकालीन पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ असा शब्द किंवा त्या अर्थाची मुद्रा येई. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये, असा तिचा अर्थ. ती सीमा लिहिणारा आखत असे. एसएमएसने सीमा आधी आखून दिली आणि लिहिणाऱ्याला तिच्या आत उभे केले. मेसेजच्या भाषेचा बराचसा स्वभाव या एका बदलातून आलेला आहे.

एकाचा फोन, घराचा टॅब

आता टॅबकडे येते. जिते परिसरात मी पाहिलेल्या घरांत टॅब आला तो बहुधा २०२० साली शाळा बंद झाल्यावर, मुलांच्या अभ्यासासाठी. शाळा सुरू झाल्या, मुले पांगली, आणि टॅब घरातल्या वडीलधाऱ्यांकडे गेला. अक्षर मोठे दिसते, बोट चुकत नाही, हे त्याचे मुख्य गुण. बहुतेक टॅबना स्वतःचा क्रमांक नसतो. मुलाच्या फोनला जोडून ठेवलेला असतो आणि त्याच्या फोनवरचे मेसेज घरच्या टॅबवर उमटतात. ही सोय ॲपलने २०१४ साली दिली, गूगलने २०१८ साली ब्राउझरमार्फत. व्हॉट्सॲपची आयपॅडसाठीची स्वतंत्र आवृत्ती तर २०२५च्या मे महिन्यात आली. एसएमएस, व्हॉट्सॲप आणि बाकीचे सारे प्रकार बोलण्यात ‘मेसेज’ या एकाच शब्दाखाली येतात. तांत्रिक फरक असला तरी घरातला वापर सारखाच आहे.

या जोडणीमुळे एक मूलभूत गोष्ट बदलते. फोन एका माणसाचा असतो, टॅब घराचा असतो. टॅबवर आलेला मेसेज आजी वाचते, सून वाचते, शाळेतून आलेला नातू वाचतो. क्रमांक म्हणजे माणूस हे समीकरण येथे मोडते. आणि ते मोडले की, माझ्या पाहण्यात, मायना परत येतो.

एक उदाहरण पुरेसे आहे. एका घरातला मुलगा वडिलांच्या फोनवर थेट लिहितो, तेव्हा संबोधन नसते. गाडी चुकली, उशीर होईल, एवढेच. तोच मुलगा घरच्या टॅबवर लिहितो, तेव्हा ‘बाबा’ किंवा ‘आजी, हे तुला’ अशी सुरुवात असते. लिहिणारा तोच, वय तेच, संस्कार तेच. बदलली ती पोहोचण्याची जागा. म्हणून मायन्याचे येणे-जाणे संस्कारावर कमी आणि वाचणारा एक की अनेक यावर जास्त अवलंबून आहे, असे मी म्हणते.

मायन्याबरोबर आणखी दोन जुन्या गोष्टी परतल्या आहेत. एक सही. टॅबवर सगळ्यांचे क्रमांक नावानिशी साठवलेले असतातच असे नाही, म्हणून मेसेजच्या शेवटी ‘थोरली’, ‘धाकटा’ असे नाते लिहिले जाते. दुसरी ‘वाचून दाखव’ ही विनंती. ज्यांना वाचता येत नाही, किंवा दिसत नाही, त्यांच्यासाठीचा निरोप दुसऱ्याच्या तोंडी द्यावा लागतो. पोस्टकार्ड नेमके असेच चाले. १८७९ साली पाव आण्यात मिळू लागलेले ते कार्ड पत्त्याने घरातल्या कर्त्याला जाई, मायन्याने घरातले माणूस निवडी, आणि साक्षर मुलाकडून वाचून घेतले जाई. वाटेत ते कोणीही वाचू शके, म्हणून त्यात काय लिहायचे नाही हेही माणसांना कळत असे. टॅबवर लिहिणारी माणसे ही जुनी सावधगिरी पुन्हा शिकत आहेत. नवरा-बायकोची कुरबुर टॅबवर येत नाही, ती फोनवर होते. बँकेचा ओटीपी मात्र कोणाची लाज न बाळगता सगळ्या घरासमोर उमटतो. सोय आणि धोका यांची ही जोडी घराघरांत समजून घ्यायला हवी.

लिपीचेही तसेच. पडदा मोठा झाला, मेसेजमागे पैसे मोजणे संपले, कळफलक बदलले, बोटाने पडद्यावर अक्षर काढण्याची आणि बोलून लिहिण्याची सोय आली. या घरांतल्या वडीलधाऱ्यांचे मेसेज आज मुख्यतः देवनागरीत आहेत. धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवण्याची रीत ज्यांनी थोरांकडून ऐकली आहे, त्यांना काचेवर बोटाने ‘श्री’ काढणाऱ्या आजीचे नवल वाटणार नाही. रोमन लिपीत अडकलेली आहे ती मुख्यतः मधली पिढी, जिचा हात बटणांच्या फोनवर वळला. हिशेब बदलला तरी सवय मागे राहते.

कारखान्यातली पाटी

गणपतीच्या कारखान्यात हाच प्रकार धंद्याच्या अंगाने दिसतो. दक्षिण कोकणात अजूनही घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देण्याची रीत आहे. पाटावर घरमालकाचे नाव असते, मापही कळते. तो पाट हीच मागणीची चिठ्ठी. पेणच्या बाजूला मागणी दूरदूरच्या शहरांतून आणि परदेशांतूनही येते, तेथे पाट पोहोचत नाही. मागणी फोटोसह टॅबवर येते. हात मातीने भरलेले असतात, म्हणून टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून फळीवर उभा केलेला असतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक कारागीर तो पाहतो.

येथे मेसेज एका माणसाला नसतो, कामाला असतो. उंची आणि माती साच्यावाल्यासाठी, पितांबराचा रंग रंगाऱ्यासाठी, नजर कशी हवी ते आखणी करणाऱ्यासाठी. एकाच मेसेजमध्ये तीन वाचक असतात, म्हणून जुनी गिऱ्हाइके प्रत्येक सूचनेआधी ती कोणासाठी आहे ते लिहितात. नवखे गिऱ्हाईक सगळे एका दमात लिहिते आणि मग उलट फोन करून विचारावे लागते. चांगला मेसेज आणि वाईट मेसेज यांतला फरक या लोकांना कोणत्याही समीक्षकाइतका स्पष्ट कळतो. मूर्ती एकदा रंगली की डोळे पुन्हा आखता येत नाहीत. शब्दाची किंमत येथे तत्काळ वसूल होते. भाषा सुंदर असण्याआधी ती नेमकी असावी लागते, हे वाङ्मयविचारातले जुने तत्त्व मला या फळीवर जितके स्पष्ट दिसले, तितके पुस्तकांत क्वचित दिसले.

आपण मेसेजची तुलना करतो ती साने गुरुजींच्या ‘सुंदर पत्रे’शी किंवा जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांशी. ही तुलना न्यायाची नाही. ती पत्रे लेखकांची आहेत. मेसेजची बरोबरी करायची तर ‘पत्र लिहिण्यास कारण की’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या आणि खुशाली, भात, गुरे, मनीऑर्डर एवढ्यात संपणाऱ्या साध्या कार्डाशी करावी. त्या कार्डाच्या शेजारी ठेवला, तर आजचा घरगुती मेसेज दरिद्री ठरत नाही.

अस्सल, नक्कल आणि तारेवरची पत्रे

तिसरी तक्रार जपणुकीची, आणि तिथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूची आहे, जरा वेगळ्या कारणाने. मेसेज जपण्याच्या लायकीचे नसतात असे नाही. आपण ते जपत नाही.

मराठ्यांचा इतिहास आज ज्या रूपात आपल्यापुढे आहे, तो मोठ्या प्रमाणात पत्रांवर उभा आहे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे अशा बावीस खंडांची मालिका उभी राहिली. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. यातली बहुसंख्य पत्रे लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पना नव्हती. कोणी धान्य मागितले, कोणी उधारी कळवली, कोणी आजारपण. राजवाड्यांचा आग्रह अस्सल कागदाचा होता, कारण बखर मागाहून रचली जाते आणि पत्र त्या क्षणी लिहिले जाते. या कसोटीवर मेसेज हा अस्सल कागद आहे. त्यावर तारीख आहे, वेळ आहे.

वेळेची गोष्ट तर विशेष. एसएमएस मध्यवर्ती यंत्रात थांबतो आणि फोन चालू झाला की पोहोचतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, वीज आणि फोन बंद पडले. अशा वेळी पाठवल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ यांत जे अंतर पडते, ते अंतर हाच एक पुरावा असतो: कोण किती काळ कोणाच्या खुशालीवाचून राहिले. कागदी पत्रावर हे टपालाच्या दोन शिक्क्यांनी कळे. मेसेजमध्ये ते कळू शकते, जर कोणी ते ठेवले तर.

पूर्वी घरात भिंतीला वाकवलेली तार टांगलेली असे आणि आलेली कार्डे तिच्यात ओवली जात. कोणी निवड करत नसे. सगळीच ओवली जात, म्हणून आज आपल्याला सगळ्या प्रकारची मिळतात. टॅबमध्ये अशी तार नाही. जागा भरली की शुभेच्छांच्या चित्रांबरोबर आजीचा निरोपही पुसला जातो. फोन बदलला, क्रमांक बंद झाला, की जोडणी तुटते आणि टॅबवरची नक्कलही जाते. स्क्रीनशॉट काढून ठेवणे पुरेसे नाही. तो उतारा आहे. त्यात मागचे-पुढचे तुटते, कित्येकदा तारीखही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात एक तरी सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे काही घरांचे मेसेज, पाठवणारा आणि घेणारा या दोघांच्या संमतीने, पूर्ण संवादासह उतरवून ठेवता येतील. पत्राचा कागद घेणाऱ्याचा असला तरी मजकुरावर हक्क लिहिणाऱ्याचा असतो. मेसेजलाही हेच लागू धरावे. शुद्धलेखन सुधारू नये. रोमन लिपीतले रोमनमध्येच ठेवावे, कारण सत्तर जागांचा तो पुरावा आहे. मेसेज फोनवरचा की घरच्या टॅबवरचा, हे अवश्य नोंदवावे. नाहीतर एकाच मुलाच्या एका मेसेजमध्ये ‘बाबा’ का आहे आणि दुसऱ्यात का नाही, हे पुढच्या अभ्यासकाला उमगणार नाही, आणि तोही त्यातून संस्कारांच्या ऱ्हासाचा सिद्धान्त काढील.

मायना कोठे गेला, याचे उत्तर तपासणीअंती असे दिसते. वाचणारा एकटा झाला तेव्हा त्याची गरज सरली, आणि अक्षरे मोजून पैसे द्यावे लागले तेव्हा तो परवडेनासा झाला. पडदा मोठा झाला, घर पुन्हा त्याच्याभोवती जमले, तसा तो परत आला; तीर्थरूप आणि गंगाभागीरथी मागे सोडून, नुसता ‘आजी’ म्हणत. मराठी माणसाची पत्र लिहिण्याची ओढ गेलेली नाही. ते पत्र आज टॅबवर आहे. पन्नास वर्षांनी ते वाचायला मिळेल की नाही, हे आपण आज काय ओवून ठेवतो यावर ठरेल.